करवंटीचा लॅम्प करताना करवंटी तडकते, काय करू?

घरी करवंट्या खूप साठल्यात, गणपतीसाठी हँगिंग लॅम्प करायचाय पण वरच्या शेंड्या काही केल्या निघत नाहीयेत आणि ड्रिलने भोकं पाडताना एक तर तडकलीच. काय चुकतंय?

— रात्रभर पाण्यात भिजव, मग काचेच्या तुकड्याने खरवड (हातमोजे घालून हां), नंतर ८० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी ४०० चा. वरून खोबरेल तेलाचा हात फिरवला की काय चमकते!

— ड्रिल हॅमर मोडवर (भिंतीसाठीचा, ठोके देत फिरणारा) होतं का? तो बंद करा, आधी २ एमएमचं बिट मग मोठं. वायर डोळ्यातून घ्या, एक डोळा मऊच असतो.

— आत पणती किंवा जुना पिवळा बल्ब नको, करवंटी मस्त पेटते, आमच्याकडे बंबात तीच घालतात 😄 ३ वॅटचा वॉर्म एलईडी बास.

— हॅमर मोडच होता 🙈