आत्मपरीक्षणाच्या वहीत रोज तेच तेच येतं. तुम्ही कसं करता?

नगरची_सिस्टर:
मी मूळची नगरची, आता पुण्यात नर्स आहे. आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. लहानपणी आदल्या रात्री आजी आम्हा भावंडांना चटईवर बसवून बायबलमधल्या पौलाच्या १ करिंथ या पत्राचा ११ वा अध्याय वाचायची, माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी तो भाग. मग म्हणायची, "आता ज्याचं त्याने बघा." काय बघायचं ते मात्र तिने कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. भाऊ तर बसल्या बसल्या झोपायचा.

यंदा लेंतात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत ठरवलं, महिन्यातून एकदा नाही, रोज करायचं. औषध कंपनीची फुकटची डायरी होती. सेकंड शिफ्ट करून घरी यायला साडेदहा होतात. ओट्याला टेकून उभ्यानेच लिहिते, बसले की झोप लागते. पहिला आठवडा बरा गेला. नंतर "आज राग आला. प्रार्थना कमी झाली. प्रभू, क्षमा कर." दुसऱ्या दिवशी तेच. परवा मागची पानं चाळली, तर एका गुरुवारी मी चक्क "वरीलप्रमाणे" लिहून मोकळी झालेय!

हे एक टोक. दुसरं टोक म्हणजे मागच्या महिन्यातली एक रात्र. जुन्नरकडचे एक आजोबा, बायको ऑपरेशनची. "तिला चहा देऊ का?" असं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले, "काका, एकदा सांगितलेलं कळत नाही का?" दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी, आणि त्यांना डिस्चार्ज मिळाला. माफी राहूनच गेली. त्या रात्री तीन पानं लिहिली आणि दोन वाजेपर्यंत जागी. एक तर काहीच दिसत नाही, नाही तर हे असं. मधलं काही असतं का?

वसईचा_मास्तर:
सिस्टर, मी कॅथलिक, निवृत्त शिक्षक. आमच्याकडे यासाठी संत इग्नेशियस लोयोला यांची पद्धत आहे. त्यांचं आध्यात्मिक साधनेचं पुस्तक १५४८ मध्ये छापलं गेलं. त्यात पाच पायऱ्या आहेत, आणि पहिली पापाची नाहीच, आभाराची आहे. मग दिसावं म्हणून कृपा मागायची, त्यानंतर दिवसाचा तासातासाने हिशेब, मग क्षमा, मग उद्याचा निश्चय. तुम्ही थेट तिसरीवर उडी मारता, म्हणून दमता.

पण तुमच्या कामाचं त्याच पुस्तकात दुसरं आहे. एकच दोष धरायचा. दिवसाला दोन रेघा ओढायच्या, एक दुपारपर्यंतची, एक रात्रीपर्यंतची. जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके. आणि घसरलो त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा, लोकांत असलो तरी. कोणाच्या लक्षात येत नाही म्हणे. मी वर्षभर "दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडणं" एवढंच धरलं होतं. स्टाफरूममध्ये एका बाईंनी विचारलं, "सर, ॲसिडिटी वाढली का?"

आणि त्या दोन वाजेपर्यंतच्या जागरणाचं. इग्नेशियस स्वतः १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसाला यातच अडकले होते. पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूजवळ पापं कबूल करणं, पुरतं झालं की नाही, काही राहिलं तर नाही, या विचाराने जीव द्यावासा वाटेपर्यंत. शेवटी जुनी पापं पुन्हा निवेदन करायची नाहीत असं त्यांनी ठरवलं. आजोबांची माफी एकदा देवाजवळ मागितलीत ना? मग ते पान पुन्हा उघडू नका.

कृपेचा_भुकेला:
ठिपके काय, रेघा काय! प्रभूने वधस्तंभावर सगळं फेडलंय. वही जाळा आणि आनंद करा.

नगरची_सिस्टर:
भाऊ, वही जाळली तरी आजोबांचा चेहरा जळत नाही. पौल चौथ्या अध्यायात म्हणतो, मी स्वतःचाही न्याय करत नाही. अकराव्यात म्हणतो, स्वतःची परीक्षा करा. एकाच पत्रात दोन्ही. म्हणजे बघायचं, पण निकाल आपण द्यायचा नाही, असं मी समजते. फेडलंय हे खरंच, पण उद्या दुपारी दोनला मला त्याच वॉर्डात जायचंय.

मास्तर, चार दिवस करून पाहिलं. आभारात पहिल्या दिवशी लिहिलं, "मावशींनी न सांगता चहा झाकून ठेवला." पूर्वी हे वहीत आलंच नसतं. दोष एकच धरला, पुन्हा पुन्हा विचारणाऱ्यावर खेकसणं. दुपार-रात्र जमत नाही, म्हणून चहाच्या आधी एक रेघ आणि नंतर एक. काल चार ठिपके आणि तीन. छातीवर हात ठेवायची सोय नाही, ग्लोव्हज असतात. म्हणून बुटातल्या बुटात पायाचा अंगठा दाबते.

आज एका पेशंटच्या मुलाने सलाईन कधी संपेल हे चौथ्यांदा विचारलं. अंगठा दाबला आणि नीट सांगितलं. पण आवाज थोडा चढलाच होता. ठिपका द्यायचा की नाही?

वसईचा_मास्तर:
अंगठा आधी दाबलात की आवाज आधी चढला?