'बिनतारी' म्हटलं की तार नसतेच का?

पानोपानी:
कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कातडीखाली बसवतात ते कानाचं यंत्र) झालेल्या लहान मुलांच्या पालकांसाठी मराठी पुस्तिका करते आहे. एका वाक्यावर गाडी अडली आहे. मी लिहिलं होतं: "बाहेरची कॉइल आतल्या भागाला बिनतारी वीजपुरवठा करते." मसुदा वाचून एका आईने विचारलं, "बिनतारी म्हणता, मग कानामागच्या मशीनपासून डोक्यावरच्या चकतीपर्यंत जाते ती वायर कसली?" तिचं बरोबर आहे. ती वायर दिसते, मुलं ती ओढतात, कधी तुटतेही. बिनतारी आहे ते त्यापुढचं: चकतीतली कॉइल आणि कातडीखालची कॉइल यांच्यामधलं. दोन्ही चुंबकाने समोरासमोर धरलेल्या असतात आणि मध्ये काही मिलिमीटर कातडी असते. आतल्या भागाला स्वतःची बॅटरी नसते. वीज आणि आवाजाची माहिती, दोन्ही बाहेरून याच वाटेने जातात. चकती निसटली की ऐकू येणं तिथेच थांबतं. पालकांना कळायला हवं ते हेच. मूल हाकेला ओ देत नसेल तर रागावण्याआधी चकती जागेवर आहे का ते बघायचं.

दुसरी अडचण 'वीज' या शब्दाची. "डोक्यात वीज सोडतात?" असं एका आजोबांनी विचारलं. नेमका आणि न घाबरवणारा शब्द सुचवा.

शब्दवेल्हाळ:
'बिनतारी' टाळावाच. तो संदेशासाठी रूढ झालेला शब्द आहे. बिनतारी संदेश, पोलिसांची बिनतारी यंत्रणा, एवढंच त्याचं क्षेत्र. विजेसाठी 'विनातार' किंवा 'तारविरहित' वापरावा. शिवाय 'बिन' हा फारसी-अरबी, मराठीत 'विना' असताना तो कशाला?

जुनीवही:
'बिन' परका नाही. 'विना'चाच तो घरगुती अवतार आहे. बिनचूक, बिनपगारी, बिनभाड्याचं, बिनबोभाट हे शब्द काय परक्या घरचे म्हणायचे? फारसीतून आला तो 'बे': बेफिकीर, बेइमान. म्हणून हिंदीत 'बेतार' झालं आणि आपल्याकडे 'बिनतारी'. तुमच्या मनात अरबी 'बिन' असावा, जुन्या फेरफारांत आणि खरेदीखतांत 'अमुक बिन तमुक' असं येतं तो. त्याचा अर्थ 'मुलगा'. आमच्या घरच्या कागदांत पानोपानी आहे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आणि 'तारविरहित' हा शब्द आजवर कुणी तोंडाने उच्चारलेला मी ऐकला नाही. पालकांच्या पुस्तिकेत तो घालणं म्हणजे त्यांना दारातच उभं करणं.

शब्दवेल्हाळ:
बोलला जात नाही म्हणून लिहायचा नाही, हा न्याय लावला तर 'प्राध्यापक' आणि 'महापौर' हे शब्दही कधी रुजले नसते. शब्द आधी लिहावा लागतो, मग तोंडी बसतो.

कृष्णाकाठ:
वीज मंडळात नोकरी झाली. तारेशिवाय वीज म्हणजे नवीन काही नव्हे. गावाबाहेरच्या डीपीत रोज तेच घडतं. रोहित्रात, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, दोन वेटोळी असतात आणि एकीची तार दुसरीला कुठेही जोडलेली नसते. एकीतला प्रवाह सारखा उलटसुलट होतो, त्यामुळे भोवतीचं चुंबकीय क्षेत्र बदलत राहतं, आणि त्या बदलातून दुसरीत वीज उभी राहते. फॅरडेने 1831 मध्ये दाखवलं ते हेच. फरक एवढाच की रोहित्रात मध्ये लोखंडी गाभा असतो, तो क्षेत्र इकडून तिकडे नेतो. फोनच्या चार्जिंग चकतीत असा जोडणारा गाभा नाही, म्हणून अंतर वाढलं किंवा फोन जरा तिरका ठेवला की वीज वाया जाते आणि फोन तापतो.

पाठ्यपुस्तकात याला 'विद्युतचुंबकीय प्रवर्तन' म्हणतात. ताई, तुमच्या पुस्तिकेत 'प्रवर्तनाने वीज मिळते' असं लिहिता येईल.

पानोपानी:
काका, 'प्रवर्तन' मी लिहून पाहिलं होतं. वाचणाऱ्यांना धर्मप्रवर्तन आठवलं. मग 'इंडक्शन' लिहिलं, तर एकीने लगेच विचारलं, "म्हणजे शेगडीसारखं? डोकं तापेल ना!"

तंत्रमैत्र:
ती भीती समजण्यासारखी आहे. मराठी घरात 'इंडक्शन' म्हणजे शेगडीच. "इंडक्शनवर दूध ठेव" असंच म्हणतो आपण. तत्त्वही तेच आहे, पण शेगडीत दुसरी कॉइल नसते. भांड्याच्या बुडातच भोवरे घेणारे प्रवाह तयार होतात आणि बूड तापतं. तिथे उष्णता हवी असते, म्हणून शक्तीही किलोवॅटच्या घरात. कानाच्या यंत्राला लागते ती वॅटचा लहानसा अंश. पुस्तिकेत हा फरक एका वाक्यात सांगाच, शब्द कुठलाही निवडा.

कॉइलसाठी शालेय पुस्तकांत 'कुंतल' आहे, 'नालकुंतल' मधला. कुंतल म्हणजे केसही, आणि ही चकती बसते केसांतच. मला हा शब्द इथे फार शोभून दिसतो.

कृष्णाकाठ:
शोभेल, पण कळणार नाही. मोटर जळाली की शेतकरी ती 'भरायला' टाकतो आणि भरणारा 'कॉइल' म्हणतो. 'कॉइल' गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांना मराठीच शब्द हवा त्यांनी 'वेटोळं' घ्यावा.

मिडवेस्ट_मराठी:
मला वेगळंच विचारायचं आहे. आमच्याकडे फोन चकतीवर ठेवतात. आई भारतातून आली की म्हणते, "फोन चार्जिंगला लाव." माझी मुलगी म्हणते, "आजी, लावायचा नाही, ठेवायचा." पिन खुपसायची नसेल तर 'लावणे' चुकीचं ठरतं का? इथे डेट्रॉइटमध्ये 2023 पासून एका रस्त्याच्या सुमारे 400 मीटर तुकड्याखाली कॉइली पुरल्या आहेत. वरून जाणारी, खाली वीज घेणारी कॉइल बसवलेली गाडी चालता चालता चार्ज होते. तिथे तर ना लावणं, ना ठेवणं!

जुनीवही:
आजींचं बरोबर आहे. 'लावणे'चा पिनेशी संबंध नाही. कामाला लावणे, नादी लावणे, विरजण लावणे: एखाद्या गोष्टीला एका क्रियेत घालून देणे हा त्याचा अर्थ. मोबाईल यायच्या कितीतरी आधी ट्रॅक्टरची बॅटरी दुकानात 'चार्जिंगला लावायचे'. नातीला सांगा, चकतीवर ठेवलेला फोनही चार्जिंगला लावलेलाच असतो.

तंत्रमैत्र:
मला पटत नाही. बोलणारे फरक करू लागलेत. आमच्या ऑफिसात "चार्जिंगवर ठेव" सर्रास ऐकतो, आणि ते चकतीसाठीच. वस्तू बदलली की क्रियापद बदलतं. चकतीच्या 'क्यूआय' या मानकाचा उच्चारही 'ची' आहे, चिनी भाषेतला प्राणशक्तीचा शब्द. ते मानक ठरवणाऱ्यांनी विजेसाठी प्राणाचा शब्द घेतला. आपल्याकडे 'भारणे' आहेच: मंत्राने भारलेला ताईत, भारलेलं पाणी. "फोन भारायला ठेवला" किती सुंदर वाटेल!

शब्दवेल्हाळ:
'भारणे' मला मान्य. 'प्रभार' आपण विज्ञानात वापरतोच: धन प्रभार, ऋण प्रभार.

गावठाण:
कचेरीत 'प्रभारी' म्हणजे दुसऱ्याचा चार्ज सांभाळणारा. एकाच इंग्रजी शब्दाची दोन्ही पोरं.

पण सगळ्यांना एक विचारतो. गाडीच्या काचेवर फास्टॅग आहे ना? त्यात बॅटरी नाही. टोलनाक्यावरच्या यंत्राच्या रेडिओलहरींतूनच त्या चिपला वीज मिळते आणि ती आपला क्रमांक परत कळवते. मेट्रोच्या कार्डाचंही तेच, फक्त तिथे कार्ड यंत्राच्या अगदी जवळ न्यावं लागतं, कारण ते काम कॉइलने होतं. बिनतारी वीज आपण रोज वापरतो आणि तिला काहीच म्हणत नाही. लोक 'टॅप केलं', 'स्कॅन झालं' म्हणतात. मग मुळात शब्दाची गरज आहे का?

शब्दवेल्हाळ:
गरज आहे, आणि इतिहासही आपला आहे. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये तारेशिवाय दूरची घंटा वाजवून दाखवली, दारू उडवून दाखवली. तारविरहित वीज तिथेच सुरू झाली.

कृष्णाकाठ:
बोसांचं काम थोरच, पण ती वीज पोहोचवणं नव्हतं. लहरींनी फक्त खटका दाबण्याचं काम केलं. घंटा वाजवणारी वीज घंटेजवळच्या बॅटरीची होती. तारेशिवाय संदेश पाठवणं आणि तारेशिवाय शक्ती पाठवणं या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरीचा ध्यास निकोला टेस्ला या संशोधकाने घेतला. 1901 मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफचा मनोरा बांधायला घेतला, पैसे आटले, आणि 1917 मध्ये तो पाडला. लांबवर शक्ती न्यायची तर ती चहूकडे पसरून विरते. आज चालतंय ते सगळं जवळच्या अंतरावरचं किंवा फास्टॅगसारखं किंचित शक्तीचं.

पानोपानी:
काकांच्या 'जवळच्या अंतरावर' वरून सुचलं. 'बिनतारी' काढून टाकते. "बाहेरची कॉइल आतल्या कॉइलला कातडीआडून शक्ती पुरवते. मध्ये तार नाही, छिद्र नाही." 'वीज'ऐवजी 'शक्ती' चालेल का? की ती टॉनिकसारखी वाटेल?

जुनीवही:
'कातडीआडून' उत्तम. 'शक्ती' नको, त्याने नेमकेपणा जातो. 'वीज' ठेवा आणि शेजारी 'अगदी थोडी' घाला.

शब्दवेल्हाळ:
'कातडी' जनावराची. माणसाची 'त्वचा'.

गावठाण:
आमच्याकडे माणसाची कातडीच सोलवटते. त्वचा जाहिरातीत असते.

तंत्रमैत्र:
कृष्णाकाठ काका, 'रोहित्र' हा शब्द आला कुठून? 'रुह्' म्हणजे चढणे, त्यावरून दाब चढवणारं ते रोहित्र असं मला वाटतं.

कृष्णाकाठ:
मग गावातली डीपी रोहित्र कशी? ती तर 11 हजार व्होल्टवरून 433 वर उतरवते.

जुनीवही:
'रोह'मध्ये चढणं आहे, 'अवरोह' झाला की उतरणं. संगीतात दोन्ही एकाच सप्तकात होतात. एकच नाव दोघांना चालायला हरकत नाही.

शब्दवेल्हाळ:
हरकत आहे. उतरवणाऱ्याला 'अवरोहित्र' म्हणायला हवं होतं. यासाठी वेगळा धागा काढतो.