गवती छपरासाठी अवजारं कोणती घ्यावीत?

गोराईकर: गोराईला 10 बाय 12 फुटांच्या खोपीवर गवत शाकारायचंय. दोन पाखी, उतार 45 अंश. नागदेवी स्ट्रीटला जाण्याआधी यादी पक्की करतोय. गवताचा थर ठोकून बसवायची ती खाचांची विलायती फळी लागतेच का?

पागोळी: नाही. गवंड्याची लाकडी थापी घ्या. गवताचे बुडखे, म्हणजे बुडाकडची टोकं, खालून वर ठोकले की थर आवळतो, तेवढंच तिचं काम.

पैसे कोयत्यावर घाला. बांबू चिरायला जड पातं हवं, हलकं मध्येच अडकतं. वळचण छाटायला विळा वेगळा, आणि ती छाटणी सगळ्यात शेवटी.

सुई मात्र घरीच करा. वाळक्या बांबूची दोन फुटी पट्टी, इंचभर रुंद, टोकापासून दोन इंचांवर भोक. अगदी टोकाशी पाडलंत तर फाटेल. भोकाच्या कडा घासा, नाहीतर सुंभ कातरला जातो. एकानं वरून सुई खुपसायची, आतल्यानं सुंभ कामटीभोवती (गवताखालची बांबूची आडवी पट्टी) घेऊन पुन्हा ओवायचा. एकट्यानं जमत नाही.

सुंभवाला: पागोळींना +1. हिशेब असा: दीड फुटाची वळचण चारी बाजूंनी धरली तर 13 बाय 15, म्हणजे 195. 45 अंशाला गुणिले 1.41, सुमारे 275 चौरस फूट. नऊ इंचांवर कामटी धरली तर एका पाख्याला 13, दोन्ही मिळून 26. वरून दाबायच्या वेगळ्या.

बांबू वाळलेलाच घ्या. ओला नंतर आकसतो आणि बांधणी सैल पडते. सुरुवात वळचणीपासून, तिथला थर दुप्पट. वरच्या थराखाली आधीची बांधणी झाकली गेलीच पाहिजे; उघड्या सुंभावरून पाणी आत झिरपतं.

गोराईकर: सुंभाऐवजी नायलॉन? आणि गवताऐवजी भाताचा पेंढा?

सुंभवाला: नायलॉनची गाठ सरकते. काथ्याचा सुंभ थोडा भिजवून वापरा, वळताना तुटत नाही.

पागोळी: पेंढा स्वस्त, पण लवकर कुजतो. घेतलातच तर नीट झोडपून घ्या. लोंब्यांत दाणे राहिले की उंदीर आलेच. मुंबईत पावसाची तारीख 11 जून, तेव्हा मे संपायच्या आत आढं झाकून मोकळे व्हा.