शेतावरची सहल म्हणजे करिअर मार्गदर्शन नव्हे

तांबेरा:
काल इथे एकाने सल्ला दिला होता, "नववी-दहावीच्या मुलांना एक दिवस शेतावर न्या, चिखलात उतरवा, ज्याला ओढ आहे त्याला आपोआप कळेल." खाली अंगठ्यांचा नुसता पाऊस. मी पीकरोगांवर काम करतो, माझं डोकंच फिरलं. चिखलात उतरून एवढंच कळतं की चिखल थंड असतो. मुलांना नांगर आणि घाम दाखवायचा, आणि पोरं शेतीकडे फिरकत नाहीत म्हणून गळाही आपणच काढायचा! बियाणं तपासणारा, मातीचा अहवाल वाचणारा, जनावरांचा खुराक ठरवणारा, शीतगृह चालवणारा, उपग्रहाच्या चित्रावरून पिकाचा ताण ओळखणारा, यातलं कोण भेटतं त्या सहलीत?

हरितक्रांतीचा जनक म्हणवला जाणारा नॉर्मन बोरलॉग अमेरिकेत आयोवातल्या शेतावरच वाढला, त्याला चिखलाचं काय नवल? तरी शिकायला गेला वनशास्त्र. तांबेऱ्यावर, म्हणजे पिकाच्या बुरशीजन्य रोगावर, पीकरोगतज्ज्ञ एल्विन स्टॅकमन यांचं व्याख्यान ऐकलं आणि पुढे त्यांच्याच हाताखाली पीकरोगशास्त्रात शिरला. नंतर गहू, मेक्सिको आणि १९७० चं शांततेचं नोबेल. वाट दाखवली ती माणसाने.

मुलाला एक हंगाम द्या, एक वाफा द्या आणि एक वही द्या. पेरणीआधी शंभर दाणे मोजून ओल्या कागदाच्या गुंडाळीत ठेवायला सांगा. आठवड्याने गुंडाळी उलगडली की काही दाण्यांना सरळ मूळ आणि कोंब, काही बुरशीने लडबडलेले, काही कोंब काढून मुळाविना बसलेले. प्रत्येकाची नोंद वेगळी. हे करताना जो वैतागत नाही, त्याच्याशी करिअरचं पुढचं बोलावं.

बांधावरचा:
उंटावरून शेळ्या हाकणं छान जमतं तुम्हाला. दाणे मोजा, वह्या भरा. आणि जमीन? भांडवल? मला शेती कुणी दाखवली नाही, ती अंगावर पडली. उद्या पेपर असला तरी रात्री पाणी धरायला उठवायचे. शेतीतली करिअर शोधण्याची हौस ज्याला बाहेर पडायचा रस्ता आहे त्यालाच परवडते.

तांबेरा:
जमीन घ्या असं मी कुठे लिहिलंय? यादी परत वाचा, त्यातल्या एकालाही सातपिढ्यांची जमीन लागत नाही. अमेरिकेत शाळकरी मुलांसाठी 'फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका' १९२८ साली निघाली. १९८८ मध्ये त्यांनी नावातून 'फार्मर्स' काढून नुसतं एफएफए ठेवलं, कारण शेती म्हणजे फक्त शेतकरी नव्हे. त्यांना कळलं, आपल्याला कधी कळणार?

खुंट आणि काडी:
कौतुक करताय तर पूर्ण करा. त्या संघटनेत मुलींना पूर्ण सदस्यत्व १९६९ मध्ये मिळालं. माझी रोपवाटिका आहे. निगुतीची सगळी कामं बायका करतात, पण शाळेची मुलं आली की शिक्षक मुलग्यांना ट्रॅक्टरकडे नेतात आणि मुलींना फुलांकडे. मी मुद्दाम मुलींच्या हातात कलमाचा चाकू देते. काडीला, म्हणजे जोडायच्या फांदीला, तिरका काप, खुंटाला, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपाला, तसाच, आणि निदान एका बाजूने साल सालीला भिडली पाहिजे. हात थरथरला की कलम गेलं. सुट्टीत तर पंधरा-सोळा वर्षांच्या मुली शिकायला येऊन राहतात.

हिशेब दाखवा:
शिकायला, की फुकट राबायला? माझ्या भाच्याला 'अनुभव' म्हणून एका ठिकाणी सुट्टीभर पिशव्यांत माती भरायला बसवलं. प्रमाणपत्र मात्र सोनेरी किनारीचं!

खुंट आणि काडी:
मला ओळखत नसताना हे लिहायचं धाडस कौतुकास्पद. पिशवी भरणं हेही काम आहे. माती ठासली की मुळं गुदमरतात, सैल राहिली की पहिल्याच पाण्यात खचते.

हिशेब दाखवा:
काम आहे ना? मग मजुरी द्या. शिक्षण असेल तर रोज नवीन काहीतरी शिकवा. दोन्ही नाही म्हणजे मालकाची चंगळ.

बांधावरचा:
मजुरीचं सोडा, फवारणीचं बोला. मिसरूड फुटायच्या आत माझ्या पाठीला पंप होता, तोही गळका. शर्ट भिजायचा आणि रात्री पाठीची आग व्हायची. हाही 'अनुभव'च की.

तांबेरा:
त्याला माझा ठाम विरोध आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००१ च्या शेती-सुरक्षा करारात धोक्याच्या कामाला किमान वय १८ आहे. सोळा पूर्ण झाल्यावर मुभा देता येते, तीही प्रशिक्षण आणि पूर्ण संरक्षण असेल तरच.

बांधावरचा:
करार वाचून पंप गळायचा थांबत नाही, साहेब.

हिशेब दाखवा:
आणि सहलीवाले महाशय गायब! आग लावून निघून गेले.

खुंट आणि काडी:
माझ्याकडे मुलींना पहिले काही दिवस शिकवणी असते, नंतर बांधलेल्या प्रत्येक कलमाचे पैसे. आता झाली शांती?

हिशेब दाखवा:
हे आधी लिहिलं असतंत तर माझं इतकं टायपिंग वाचलं असतं. बरं, तुमच्यापुरते शब्द मागे. भाच्याच्या मालकासाठी कायम.

बांधावरचा:
तो ओल्या कागदाचा उद्योग धाकटीला देईन, त्याला जमीन लागत नाही एवढाच त्याचा गुण. पण शेतीकडे वळ असं मी तिला सांगणार नाही. तिने तुमच्यासारखी प्रयोगशाळा गाठली तर बघू, निदान रात्री पाणी धरायला उठावं लागणार नाही.

तांबेरा:
रोगाची साथ आली की आम्हालाही रात्री फोन येतात. तेही तिला सांगा.