एमआरची नोकरी सोडून वन्यजीव छायाचित्रण : घर चालतं का?

फिरता_यवतमाळ
नमस्कार मंडळी. वय 37, औषध कंपनीत एमआर आहे. यवतमाळ, दारव्हा, पुसद, उमरखेड हा माझा पट्टा. टार्गेटचा जाम कंटाळा आलाय. बायको जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, त्यामुळे उपाशी मरणार नाही, पण घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो. निकॉन डी500 आणि 200-500 लेन्स, दोन्ही सेकंडहँड घेतलेलं. टिपेश्वर अभयारण्यात काढलेले वाघिणीचे फोटो फेसबुकवर बरेच फिरले. मित्र म्हणतात 600 एफ4 लेन्स घे, मग बघ. ती दहा लाखांच्या वर जाते. पीएफ काढायचा विचार चाललाय. वाघाचे फोटो विकून घर चालवणारं कुणी आहे का इथे?

धानपट्टा
दादा, आधी पीएफवरचा हात काढा. बाकीचं मग बोलू.

मी गोंदियाची. पॉलिटेक्निकला शिकवायचे, ते सोडून आता हेच करते. नुसत्या वाघाच्या फोटोचे पैसे मोजणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. पहिलं मोठं काम दिलं ते एका रिसॉर्टवाल्यानं. त्याला खोल्या, ताटं आणि जिप्सीत हसत बसलेली कुटुंबं हवी होती. वाघाचं विचारलं तर म्हणाला, "असंल तर द्या." पैसे येतात ते नवशिक्यांच्या टूर्समधून, संस्थांच्या अहवालांतून, शाळा-कॉलेजांच्या कार्यशाळांतून. लग्नं करून भागवू असं मनात असेल तर कॅलेंडर बघा. एप्रिल-मे म्हणजे वाघाचा सीझन आणि ऐन लग्नसराई. जुलै ते सप्टेंबर ताडोब्याचा कोअर, म्हणजे गाभ्याचा भाग, बंद आणि मुहूर्तही नाहीत. म्हणजे दोन्ही धंदे एकदम तेजीत, दोन्ही एकदम मंदीत.

आता लेन्सचं. पाणवठ्यावर दहा जिप्स्या उभ्या असतात आणि त्यांतल्या निम्म्यांकडे तुमच्यापेक्षा महाग काच असते. मुंबई-बंगलोरच्या डॉक्टर-इंजिनियर लोकांची ती. हौस असते, पगार दुसरीकडून येतो. त्या शर्यतीत तुम्ही उतरूच नका.

तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही : तो पट्टा. टिपेश्वरचा वॉकर वाघ आठवतो? 2019-20 मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घालून 3000 किलोमीटरच्या वर चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन राहिला. कपाशी, तूर, नाले, डांबरी रस्ते तुडवत गेला तो. ही बातमी जगभर छापून आली. पण तो ज्या मुलखातून गेला त्या मुलखाचे धड फोटो कितीसे आहेत? रात्री ओलिताला जाणारा शेतकरी, त्याच्या हातातली बॅटरी, मचाण, रानडुकरासाठी लावलेलं कुंपण. हे तुम्ही रोज मोटरसायकलवरून बघता. कुठल्या गावात कोण चहा पाजतं हेही तुम्हाला ठाऊक असणार.

नयन खानोलकरांचा 2016 चा फोटो बघा, लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या स्पर्धेत शहरी विभागात पहिला आलेला. मुंबईतली आरे वसाहत, रात्रीची गल्ली, त्यातून जाणारा बिबट्या. फ्लॅश मुद्दाम गल्लीतल्या नेहमीच्या उजेडासारखे लावले होते आणि त्या एका फोटोसाठी चार महिने लागले. 600 एफ4 चं तिथे काय काम?

माझं स्वतःचं बस्तान सारसांवर बसलं. महाराष्ट्रात सारस मुख्यत्वे आमच्याच भागात, आणि घरटं करतात ते कुणाच्या तरी धानाच्या बांधीत. पक्ष्याइतकाच त्या बांधीच्या मालकाचा फोटो लागतो, हे मला कुठल्या स्पर्धेनं नाही, एका अहवालाच्या संपादकानं शिकवलं. नाव-गाव-तारखेसह नीट लिहिलेली फोटोओळ मागितली त्यांनी. तेव्हापासून कामं येताहेत. रग्गड नाही, पण येताहेत.

मोहर्लीकडचा
मी गाईड आहे. ताई बरोबर बोलल्या. एक सांगतो, फोटोग्राफर गाडीत असला की "थोडं पुढे घ्या, थोडं आडवं घ्या" सुरू होतं. गाडी वाघाच्या वाटेत घातली तर कारवाई आमच्यावर होते, साहेब फोटो घेऊन घरी जातात. टूर काढायचं ठरवलं तर पाहुण्यांना हे आधीच सांगा. आणि लेन्स टेकवायची बीनबॅग रिकामीच आणा, गावात तांदूळ भरून देतो. जाताना तांदूळ इथंच ठेवा, आमची खिचडी होईल!

हिशेबी_माणूस
भावनेचं झालं, आता कोरडं. संस्थांचे पैसे टीडीएस कापून येतात, आणि उशिरा येतात. हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला जातो. निदान सहा महिन्यांचे हप्ते वेगळे काढल्याशिवाय राजीनामा टाईपसुद्धा करू नका. कॅमेऱ्याचा विमा उतरवताना "व्यावसायिक वापर" स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर दावा अडकतो.

फिरता_यवतमाळ
पीएफ राहू दे मग. ताई, शेतात कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावायला परवानगी लागते का?

धानपट्टा
अभयारण्यात फोटो काढायलासुद्धा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवाना लागतो. आपण जिप्सीचं बुकिंग करतो तेव्हा ते काम परस्पर होतं, एवढंच. तिथे स्वतःचा ट्रॅप लावायचं मनातही आणू नका. खासगी शेतात मालकाचा होकार घ्या, आणि वाघ-बिबट्याचा वावर असेल तर आधी वनखात्याच्या आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) साहेबांना भेटा. फोटो आला तरी गावाचं नाव फेसबुकवर टाकायचं नाही.

आणि सुरुवात राळेगाव-पांढरकवडा भागातून नको. 2018 मध्ये अवनी वाघिणीच्या वेळी तिथल्या लोकांनी काय सोसलं ते तुम्हाला मी सांगायला नको. कॅमेरा गळ्यात घालून अनोळखी माणूस आला की आधी दहा प्रश्न विचारतील, आणि ते रास्तच आहे. पुसद-उमरखेडकडे ओळखीची शेतं आहेत ना? रविवार धरा, तिकडूनच सुरू करा. नोकरी चालू ठेवून.