मदत हवी आहे : स्क्रीन रीडरने संकेतस्थळ तपासायला कसे शिकावे?

नमस्कार. मी जळगावात संकेतस्थळे तयार करतो. रावेर-यावल भागातील केळी उत्पादकांसाठी केलेल्या संकेतस्थळावर एका दृष्टिहीन शेतकरीबंधूंना नोंदणी करता आली नाही, कारण पुढे जाण्याच्या चिन्हाला मी नावच दिले नव्हते आणि त्यांना स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर, केवळ ‘बटण’ एवढेच ऐकू येत होते. ही चूक माझी आहे आणि ती मनाला फार लागली.

तेव्हापासून एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर शिकतो आहे. ‘एच’ दाबून शीर्षकांवरून आणि टॅबने दुव्यांवरून फिरणे जमते. पानाच्या भाषेची नोंद चुकून इंग्रजी राहिली होती, ती मराठी केल्यावर उच्चारही सुधारले. अडते ते अर्जापाशी. ब्राउझ मोडमधून (ज्यात कळा पानावर फिरण्यासाठी चालतात) फोकस मोडमध्ये (ज्यात त्या लिहिण्यासाठी चालतात) गेल्यावर अक्षरे रकान्यात उमटतात आणि मी गोंधळतो. इन्सर्ट व स्पेसने मोड बदलता येतो हे ठाऊक आहे, पण रोज वापरणारी व्यक्ती तो नेमका केव्हा बदलते, हे पडद्याकडे पाहत बसून मला उमगत नाही.

सरावाच्या वेळी संगणकाचा पडदा बंद ठेवावा का? आमचे बहुतेक शेतकरी मोबाइलच वापरतात, तेव्हा आधी टॉकबॅक हा अँड्रॉइड मोबाइलवरील स्क्रीन रीडर शिकणे योग्य ठरेल का? जळगाव, भुसावळ किंवा धुळे येथे स्क्रीन रीडर नियमित वापरणारे कोणी दोन-तीन तास शेजारी बसून शिकवणार असतील, तर योग्य मानधन देऊन मी स्वतः त्यांच्याकडे येईन.