गणना, मोजणी की सुमारी?

पैठणहून:
भरसमुद्रातल्या पक्ष्यांच्या हिवाळी पाहणीवर मराठीत लिहितोय. जहाज आखलेल्या रेषेवर चालतं, निरीक्षक एका बाजूचा 300 मीटरचा पट्टा नजरेखाली ठेवतात आणि त्यात दिसलेल्या पक्ष्यांवरून सगळ्या पाण्याचा आकडा काढतात. याला 'गणना' म्हणवत नाही. जानेवारीत नाथसागरावर आम्ही कुरव, सुरय एकेक करून टिपतो, ती गणना. इथं तर बहुतेक पक्षी कुणी पाहिलेलेच नसतात.

परभणीहून:
'मोजणी' तर नकोच. आपल्याकडं मोजणी म्हटलं की भूमी अभिलेखचा माणूस अन् बांधच डोळ्यांपुढं येतो.

अंबाजोगाईहून:
माझे आजोबा जनगणनेला 'मर्दुमशुमारी' म्हणायचे, निजामाच्या राजवटीतला शब्द. फारसीत शुमार म्हणजे मोजणं. 'खानेसुमारी'त तो अर्थ टिकला, 'सुमारे'त त्याचा अंदाज झाला. मोजणं आणि अंदाज एकाच शब्दात! 'पक्षीसुमारी' म्हणा की दादा.

पैठणहून:
ताई, शब्द गोड आहे. पण 'सुमार' म्हणजे हलक्या दर्जाचं, हा अर्थ आड येतो. बाल्टिक समुद्रात हिवाळ्याला येणारी लांब शेपटीची बदकं 1992-93 मध्ये 43 लाखांच्या आसपास होती, 2007-09 मध्ये 15 लाखांवर आली. हे दोन्ही आकडे अशाच पाहण्यांतून काढलेले. एवढी मोठी घट 'अंदाजच तो' म्हणून कुणी सोडून दिली तर जीव तुटतो.

परभणीहून:
मग पैसेवारी आठवा. गावातला दाणा न् दाणा कोण मोजतं? निवडलेल्या शेतात ठरल्या मापाचा तुकडा आखायचा, पीक कापणी प्रयोग करायचा, त्यावरून गावाचा उतारा काढायचा. तुमचा पट्टा म्हणजे तो तुकडाच. पाहणीला 'पट्टा-पाहणी' म्हणा, आकड्याला 'अंदाजित संख्या'. लांबचा थवा नुसत्या डोळ्यानं अजमावला तर तो 'नजरअंदाज'. हिंदीत त्याचा अर्थ दुर्लक्ष असला तरी आपल्या महसुली मराठीत 'नजरअंदाज पैसेवारी' पक्की रुळलेली आहे.

पैठणहून:
'पट्टा-पाहणी' घेतली. आता एकच अडलंय. उडते पक्षी सतत टिपत राहिलं तर पट्टा ओलांडणारा प्रत्येक पक्षी धरला जातो आणि आकडा फुगतो. म्हणून ठरावीक अंतरानं, त्या एका क्षणी पट्ट्यावर असतील तेवढेच धरतात. या क्षणभराच्या टिपणीला काय म्हणू?

अंबाजोगाईहून:
हजेरी. नाव पुकारलं तेव्हा वर्गात जो आहे तो हजर.